बँकेच्या लिलावातला फ्लॅट ‘क्लिअर’च असतो?
“बँकेने लिलावात काढलाय म्हणजे कागद चोख, थकबाकी शून्य.” हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालची (थकलेल्या कर्जापोटी बँक तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकते, ती) विक्री सहसा ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर होते. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, थकलेलं वीजबिल बहुधा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. नोटिशीत ‘प्रतीकात्मक ताबा’ दिसला तर किल्ली अजून बँकेच्या हातातही आलेली नाही. आत कुणी राहतही असेल. बोलीआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला जरूर भेटा.

आणि पैशांची सोय आधी करा, कळकळीने सांगतोय. बोली जिंकली की २५ टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ नसेल आणि गृहकर्ज रखडलं, तर भरलेली रक्कम जप्त होते.