तीन महिन्यांची साखर आणि दोन दिवसांचं पथ्य

आखाजीच्या पंक्तीत खापरावरची तिसरी पुरणपोळी आमरसात बुडवताना काकांनी बेत सांगितला: पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात तपासणी आहे, आधी दोन दिवस गोड बंद करायचं, म्हणजे साखर निघणार नाही. शेजारचे आजोबा तर जाणारच नव्हते. "लघवीले मुंग्या नही लागतस, मंग माले काय व्हयेल शे?"

मुंग्यांचं आधी सांगतो. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही आणि मग ती लघवीत उतरते. मधुमेह मात्र उपाशीपोटी १२६ लाच ठरतो. मुंग्यांची वाट पाहणाऱ्याची कित्येक वर्षं अशीच जातात, आणि तेवढ्यात डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब व्हायला लागतात. दुखत काहीच नाही.

आता काकांचा बेत. बोटाला टोचून घेतलेला थेंब त्या घटकेची साखर सांगतो, त्यामुळे दोन दिवसांच्या पथ्याने तो आकडा थोडाफार खाली येऊही शकतो. पण लोक जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, ती एचबीए१सी तपासणी अशी फसत नाही. का, ते मला फार आवडतं.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्याचा सदरा आठवा. केळीचा चीक ओला असताना धुतला तर निघतो. वाळला, की डाग सदरा फाटेपर्यंत जात नाही. तांबड्या पेशीत हेच होतं. एका पेशीत हिमोग्लोबिनचे, म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या लाल प्रथिनाचे, सुमारे २७ कोटी रेणू असतात. हिमोग्लोबिनमधल्या 'बीटा' नावाच्या साखळीच्या अगदी पहिल्या जागी व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ग्लुकोज तिथे येऊन चिकटतं, आधी सैल, सुटू शकेल असं. मग त्या जोडातले अणू जागा बदलतात आणि बंध पक्का होतो. यात कुठलंही विकर लागत नाही. रक्तात साखर किती आणि किती दिवस, एवढ्यावरच डाग ठरतात, आणि किती टक्के हिमोग्लोबिनवर असा डाग आहे, तेच एचबीए१सी मोजते. पेशी जगते सुमारे १२० दिवस, आणि रक्तात नव्या-जुन्या सगळ्या पेशी मिसळलेल्या असतात. म्हणून आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा निघतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास. तिथे दोन दिवसांचं पथ्य कुठे दिसणार? शिवाय या तपासणीला उपाशीही राहावं लागत नाही. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला हा फरक १९६८ साली तेहरानच्या सॅम्युएल रहबार यांनी दाखवला.

पण आपल्या भागात एक गोष्ट सांभाळायला हवी. नंदुरबार, शिरपूर, चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आढळतो. त्याच बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. सदरा पंधरवड्यात फाटला तर त्यावर डाग किती पडणार? साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो फसवा वाढलेला दिसू शकतो. म्हणून सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सोबत न्या आणि रक्त देण्याआधीच सांगा. रुग्णासाठी मग उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहतात. नुसता वाहक असेल, म्हणजे हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असेल, तर कोणत्या पद्धतीने मोजलं, यावर बरंच अवलंबून असतं.

एक दांडी हातात धरायला देऊन, रक्ताचा थेंबही न घेता, यकृतापासून सांध्यांपर्यंतचा छापील अहवाल देणाऱ्या मशीनवर पैसे घालवू नका. त्या दांडीतून हिमोग्लोबिनवरचे डाग मोजले जात नाहीत. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताई त्यासाठीच दारात येऊन माहिती भरून नेतात.

काकांना मी पथ्याविना, होते तसे नेलं. बोटाचा आकडा जरा जास्त वाटला, म्हणून पुढे एचबीए१सी केली. ६.१ टक्के आली. ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह, म्हणजे काका मधल्या पट्ट्यात आहेत. इथून वजन उतरवून आणि रोज चालून आकडा मागे आणता येतो. ते आता पहाटे पाटाच्या कडेने चालायला जातात. आजोबांनीही परवा बोट पुढे केलं. काकांची पुढची तपासणी कानबाईचे रोट झाल्यावर आहे.