‘आत्ता’ची जुनी गोष्ट

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत अधूनमधून ‘माइंडफुलनेस’चं सत्र असतं. मीटिंग रूममध्ये फोन टेबलावर पालथे ठेवायला लावतात, डोळे मिटायला सांगतात. श्वासाकडे लक्ष द्या, मन भरकटलं की परत आणा, एवढंच. पडद्यावर एखाद्या अमेरिकी विद्यापीठाचं नाव झळकतं. ते नाव खोटं नाही, पण गोष्ट तिथे सुरू होत नाही.

गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा शोध घेत सिलोनला पोहोचले. तिथे १९०२ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड, ही सूचना पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांत, जशीच्या तशी आहे. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातलं भद्देकरत्त सुत्त तर सरळ बजावतं, की गेलेल्यामागे धावू नका, न आलेल्याची आस धरू नका, समोर आहे ते नीट पाहा. मात्र हा उपदेश ताण घालवण्यासाठी नव्हता. मरण उद्याही येऊ शकतं, म्हणून आजच साधनेला लागा, असा त्याचा रोख. पुण्याला तेव्हा हे सगळं भेटलं ते पाठ्यविषय म्हणून.

ते पुस्तकातून ध्यानाच्या बैठकीत कसं उतरलं, याचं उत्तर ब्रह्मदेशात सापडतं. १८८५ मध्ये इंग्रजांनी तिथली राजधानी मंडाले घेतली, राजाला हद्दपार केलं. भिक्षुसंघाचा राजाश्रय गेला. आता धर्म सामान्य माणसांनीच टिकवायचा, या विचाराने लेडी सयादो यांच्यासारख्या भिक्षूंनी गृहस्थांना अभिधम्म (बौद्ध तत्त्वविचाराचे ग्रंथ) आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. एरवी गृहस्थाच्या वाट्याला मुख्यतः दान आणि शील. त्याच परंपरेतले साया थेटजी शेतकरी होते आणि त्यांचे शिष्य ऊ बा खिन सरकारी अधिकारी. देश स्वतंत्र झाल्यावर ऊ बा खिन महालेखापाल झाले आणि त्यांनी कचेरीतच ध्यानाचे वर्ग चालवले. हिंजवडीवाल्यांना आपण काही नवीन करतोय असं वाटत असेल, तर हे त्यांच्या कानावर घातलेलं बरं.

मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत विपश्यना ध्यानाचं पहिलं शिबिर घेतलं, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. पुण्यात आज स्वारगेटला आणि आळंदीजवळ मरकळला केंद्रं आहेत. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो.

पुण्यात याला शेजारीही मिळाले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी योग शिकवायला आले आणि कायमचे पुणेकर झाले. ओशोंचा आश्रम १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात आला. त्यावर पुण्यात एवढं बोललं गेलंय की आणखी भर नको. आणि वारकऱ्यांचं नामस्मरण? हल्ली तेही माइंडफुलनेसच म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. विठ्ठलाचं नाव घेणारा ‘कुणाचं तरी’ घेत असतो; श्वास पाहणाऱ्यासमोर कुणी नसतं.

अमेरिकेचा भाग १९७९ चा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. बौद्ध साधना आणि हठयोग घेतला, धर्माची भाषा बाजूला ठेवली. एक मनुका हातात घ्यायचा, त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, वास घ्यायचा, मग सावकाश चावायचा, हा त्यातला प्रसिद्ध धडा. पुण्याच्या मीटिंग रूममध्ये येतो तो हाच अवतार.

त्याने काय साधतं? २०१४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आढावा आला, एकूण ३,५१५ माणसांचा. चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात, याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचं दिसलं नाही. झोप आणि एकाग्रता सुधारते, असं म्हणण्याइतका पुरावाही नव्हता. कंपन्यांच्या जाहिरातीत बहुधा याच दोन गोष्टी सर्वांत वर असतात.