जुने घरगुती संगणक (कोकण किनारा)

साधारण १९८० ते २००० या काळात घरासाठी, दुकानासाठी किंवा क्लाससाठी घेतलेले संगणक दुरुस्त करून, लागेल तिथे नवे भाग बसवून आजच्या रोजच्या कामाला लावणे, असा या नोंदीचा विषय आहे. जगभर हा बहुतांशी हौसेचा मामला असतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात मात्र त्याला हवामानाची बाजू येऊन मिळते आणि तीच सगळ्यांत भारी पडते. कुलूप लावून ठेवलेले घर कोकणात लवकर पडते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. संगणकाचेही तेच होते. रोज तास-दोन तास चालणारे यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते. माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपलेले यंत्र आतल्या आत कळकते.

यंत्रे

यात दोन घराणी आहेत. एक, टीव्हीला जोडून चालवायची आठ बिटी यंत्रे. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) झेड८० प्रोसेसरवर ३.५ मेगाहर्ट्झ वेगाने चाले आणि त्याची मोठी आवृत्ती ४८ किलोबाइट मेमरीची होती. त्याचा पुढचा अवतार स्पेक्ट्रम प्लस पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात विकला. एकॉर्नचा बीबीसी मायक्रो (१९८१) भारतात आला तो शाळांच्या वाटेने. केंद्र सरकारच्या १९८४-८५ मधील 'क्लास' या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी तो निवडला गेला होता. कमोडोर ६४ (१९८२) इथे क्वचितच सापडतो.

दुसरे घराणे आयबीएम पीसीच्या वळणाचे : एक्सटी, ३८६, ४८६ आणि पुढचे पेंटियम, अशा एकामागून एक आलेल्या पिढ्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, त्यानंतर ही यंत्रे आधी मुंबईत रुजली. मुंबईच्या कचेरीने मोडीत काढलेला पीसी चाकरमान्याबरोबर गावी यायचा. २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यांच्या गावी निघाले आणि पेंटियम यंत्रे बाजारपेठेपर्यंत पोहोचली. आज कोकणात खरोखर कामाला लावण्याजोगे जे सापडते ते बहुतेक या दुसऱ्या घराण्यातले असते. स्पेक्ट्रम चालवावा तो प्रेमापोटी.

हवा, मीठ आणि वीज

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर आर्द्रता दिवसेंदिवस या रेषेच्या वरच असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा अदृश्य थर मदरबोर्डवर बसलेला असतो. त्याला पाणी सुटले की नको तिथून वीज झिरपते आणि तांब्याच्या रेघांवर हिरवा कळंक चढतो. समुद्रापासून दोन-तीन डोंगर आत असलेल्या घरात हा त्रास बराच कमी असतो, पाऊस तेवढाच असला तरी.

म्हणून इथल्या डागडुजीची पहिली पायरी अगदी साधी असते : सॉकेटमधल्या सगळ्या चिपा एकदा उचलायच्या, पाय स्वच्छ करायचे आणि दाबून बसवायच्या. कार्डांच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. 'मेलेल्या' यंत्रांपैकी कित्येक एवढ्यावर उठून बसतात. नंतर बोर्डवर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ फवारा मारतात. सॉकेट आणि स्लॉट चिकटपट्टीने झाकून मगच तो मारायचा, नाहीतर पुढच्या वेळी चिप निघतच नाही. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बारीक बल्ब पेटता ठेवण्याची फोटोग्राफरांची जुनी युक्ती फ्लॉपी आणि कॅसेट ठेवायलाही चालते. कुंभारीण माशीचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. फ्लॉपी ड्राइव्हचे तोंड आणि प्रिंटरचा पोर्ट या तिच्या आवडत्या जागा आहेत, आणि आत वाळलेली माती कोरून काढताना पिना वाकतात.

दमटपणाचा सर्वांत नाट्यमय बळी म्हणजे जुन्या पॉवर सप्लायमधील रिफा बनावटीचा कागदी कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग). मधाच्या रंगाची, जराशी पारदर्शक अशी ही डबी बीबीसी मायक्रोसकट त्या काळच्या अनेक युरोपीय यंत्रांत घरगुती विजेच्या तोंडाशीच बसवलेली असते. वर्षानुवर्षांनी वरच्या आवरणाला केसासारखे तडे जातात, त्यांतून आतला कागद ओल धरतो आणि एक दिवस बटण दाबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खोलीभर उग्र पांढरा धूर होतो. यंत्राला सहसा काही होत नाही, घाबरगुंडी मात्र उडते. तडे दिसोत वा न दिसोत, वीस-तीस पावसाळे काढलेला असा कपॅसिटर वीज लावण्यापूर्वीच काढून टाकावा. त्या जागी तेवढ्याच मापाचा पॉलिप्रॉपिलिनचा कपॅसिटर बसवतात. त्याच्यावर 'एक्स२' (घरगुती विजेच्या तोंडाशी लावण्याजोगा) ही खूण असलीच पाहिजे.

३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर याहून चोरटा शत्रू असतो. कीबोर्डच्या सॉकेटजवळ झाळलेली निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवते. म्हातारपणी ती फुटते आणि तिच्यातला अल्कली द्रव बोर्डवर पसरून तांब्याच्या रेघा खातो. द्रव अल्कली असल्याने त्याला उतारा आंबटाचा : व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावायचा, फेस यायचा थांबला की ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचे आणि शेवटी अल्कोहोल फिरवायचे. आमसुलाने तांब्याचा हंडा लखलखतो म्हणून तो प्रयोग इथे करू नये. त्यातले मीठ आणि गर दोन्ही चिपांखाली राहतात. बॅटरी मात्र आधी कापून काढायची, यंत्र चालण्याजोगे असो वा बिघडलेले. तिच्या जागी बाहेर, तारेवर लोंबती अशी नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ लावायची असेल तर मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकावा लागतो, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करत असते आणि हे नाणे चार्ज करायचे नसते.

२००० च्या आगेमागेच्या पेंटियम यंत्रांत बॅटरीचा प्रश्न सुटलेला आहे, पण कपॅसिटर फुगतात. डोक्यावर ताटलीसारखा सपाट असायला हवा तो पत्रा पुरीसारखा टम्म दिसला की समजावे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या बोर्डांत हा दोष जगभर आढळला, त्याचे खापर कोकणच्या हवेवर फोडता येत नाही.

विजेचे दुखणे निराळे. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवणे, याला पर्याय नाही. पुढे अर्थिंग. जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि खड्ड्यातला मीठ-कोळसाही सुकतो. अर्थिंग तुटले की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येणाऱ्या गळतीने पत्र्याच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर त्या थांबल्या, तर संगणक निर्दोष आहे. जुन्या एटी पॉवर सप्लायच्या दोन जुळ्या जोडण्या मदरबोर्डवर लावताना 'काळ्याला काळी' हे घोकून ठेवावे. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलट लावल्या तर बोर्ड जातो. स्पेक्ट्रमची खोड आणखी वेगळी. त्याच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरांत तो धन असतो.

सुधारणा

आधुनिक भाग बसवण्यामागे वेगाची हाव फारशी नसते. मुख्य हेतू फिरणारे भाग काढून टाकण्याचा असतो, कारण धूळ, मीठ आणि बुरशी यांचा पहिला हल्ला तिथेच होतो.

हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसते. हे कार्ड मुळातच जुन्या, आयडीई जोडणीच्या हार्ड डिस्कची भाषा बोलते, त्यामुळे मधला ॲडॉप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा. ४८६ पर्यंतच्या अनेक बायोसना (यंत्र सुरू करणाऱ्या, चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमना) १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडे मोजता येत नाही, म्हणजे ५२८ मेगाबाइटच्या पुढची जागा त्यांच्या लेखी नसतेच. त्यावर एक्सटी-आयडीई हा मुक्त बायोस एका रॉम चिपमध्ये भरून जुन्या नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या सॉकेटात बसवतात. कार्ड नेटवर्कला जोडलेले नसले तरी चालते. त्याचे सॉकेट तेवढे कामाला आले.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक नावाचा डबा येतो. तो मुळात भरतकामाच्या आणि कारखान्यातल्या यंत्रांसाठी निघाला : बाहेरून पेन ड्राइव्ह, आत फ्लॉपीचा आव. फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर (डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) घातले की एका पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉपींच्या प्रतिमा मावतात. स्पेक्ट्रमला डिव्हएमएमसी प्रकारच्या जोडणीतून एसडी कार्ड लागते आणि कॅसेटच्या चिरक्या आवाजाला रजा मिळते. स्पेक्ट्रमच्या आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तव्यासारखा तापतो, त्या जागी स्विचिंग रेग्युलेटर बसवणे ही छोटीशी, पण सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणावी लागेल. कीबोर्डखालच्या मेंब्रेनची (कळा दाबल्याची खबर देणाऱ्या पातळ पापुद्र्याची) शेपटी कडक होऊन मोडते. ती नवीनच घ्यावी, चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये.

प्लॅस्टिकचा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी जातो. ऊन फुकट असले तरी हे काम शिमग्यानंतर आणि मृगाआधी उरकावे लागते.

रोजची कामे

लिहिणे, हिशेब आणि छपाई या तीन कामांत जुना पीसी आजही तोकडा पडत नाही. आंब्याच्या हंगामात पेट्यांची पावती तीन प्रतींत लागते : एक गिऱ्हाइकाला, एक गाडीवाल्याला, एक फायलीला. कार्बनच्या कागदावर एका फटक्यात तीन प्रती काढणे हे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचेच काम. लेझर किंवा इंकजेट कागदावर पिना आपटत नाही, त्यामुळे खालची प्रत कोरी राहते. हा प्रिंटर समांतर पोर्टवर बसतो आणि तो पोर्ट जुन्या पीसीला असतोच. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून नुसत्या पेट्या पाठवणाऱ्याचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या बिलावर भागते. पल्पवर कर आहे. तिथे विवरणपत्र ऑनलाइन भरावे लागते आणि जुने यंत्र मागे पडते.

घड्याळाची बॅटरी संपलेली असली की डॉस (विंडोजच्या आधीची कार्यप्रणाली) दर सकाळी १ जानेवारी १९८० या दिवशी जागा होतो. तारीख विचारतो, आपण घाईत एंटर मारतो आणि त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या हापूसच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसतात. ही चूक इतकी नेहमीची आहे की मे महिन्यात एकदा तरी होतेच.

जुने यंत्र जपण्याला एक अस्सल तांत्रिक कारणही आहे. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले बरेच प्रोग्रॅम वेगवान पेंटियमवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' म्हणून बसतात. सुरुवातीला प्रोग्रॅम यंत्राचा वेग मोजतो, उत्तर ठरवलेल्या जागेत मावत नाही आणि भागाकार फसतो. ४८६ वर तोच प्रोग्रॅम निमूट चालतो.

इंटरनेटची बाब थोडक्यात. आजची संकेतस्थळे नव्या धर्तीचे कूटलेखन मागतात, ते जुन्या ब्राउझरला येत नाही. विंडोज एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करूच नयेत. फायली इकडून तिकडे नेण्यापुरते डॉसवर एमटीसीपी हा कार्यक्रमसंच आणि नेटवर्क कार्ड पुरते, किंवा सीरियल तारेने शेजारी एक रास्पबेरी पाय (आजचा तळहाताएवढा संगणक) बसवून बाहेरचे जग त्याच्यावर सोपवता येते.

मराठी फायली

बाजारपेठेतल्या डीटीपीच्या दुकानात कोपऱ्यात एक विंडोज ९८ किंवा एक्सपीचे यंत्र अजून चालू दिसते. मालक ते काढत नाही, यामागे हौस अजिबात नसते. त्याच्या पाठीमागे समांतर पोर्टवर फाँट-सॉफ्टवेअरचे डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही अशी परवान्याची किल्ली) खोचलेले असते आणि आत पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, दशावताराच्या जाहिराती आणि पतसंस्थेचे अहवाल असतात. हा मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे आजचा सर्वमान्य अक्षरसंकेत येण्याआधीच्या धर्तीच्या फाँटांत आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांत प्रत्येक अक्षराचा तुकडा इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेला असतो. फाँट काढला की 'गणपती' शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. रूपांतराची साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. त्यापेक्षा मूळ यंत्र चालू ठेवणे स्वस्त पडते.

याच्याही आधीच्या डॉसच्या फायली, गंमत म्हणजे, सोप्या आहेत. आयआयटी कानपूरमध्ये मूळ धरलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेले जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले की वर्डस्टार (लेखन) आणि डीबेस (माहितीसाठा) या इंग्रजी सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी उमटत असे. ते इस्की या भारतीय संकेतावर चाले आणि १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ म्हणून प्रमाणित झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली असल्याने इस्कीतला मजकूर बव्हंशी सरळ उतरतो. १९९० च्या आगेमागेची सोसायटीची यादी आज वाचता येते आणि २००२ ची पत्रिका अडते, असा उलटा प्रकार त्यामुळे घडतो.

अडचण उरते ती फ्लॉपीची. दमट कपाटातल्या चकतीवर पांढरट बुरशीचे ठिपके उठतात. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड माखते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातली सव्वापाच इंची चकती हळूच फिरवत अल्कोहोलने पुसता येते. साडेतीन इंचीचे कवच उघडावे लागते आणि सहसा ते परत नीट बसत नाही, म्हणून चकती दुसऱ्या रिकाम्या कवचात घालतात. मग ग्रीझवीझल नावाच्या छोट्या यूएसबी बोर्डाने चुंबकीय नोंद जशीच्या तशी उतरवून घेतात, फाइल शोधण्याचे काम नंतर सावकाश. अशी चकती दुसऱ्यांदा वाचली जाईल याचा भरवसा नसतो.