मालवण सागरी अभयारण्य : कोल्हापूरहून भेट

मालवण सागरी अभयारण्य हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणलगतचे संरक्षित सागरी क्षेत्र. १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालेले हे महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९.१२ चौ. किमी. असून त्यातील ३.१८ चौ. किमी. गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात येतात. बाकीचा भाग बफर क्षेत्राचा. जोडून सुट्ट्या आल्या की मालवण, तारकर्ली, देवबागच्या रस्त्यांवर एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागते. त्यातले बहुतेक जण किल्ला, जलक्रीडा आणि मासळीचे ताट एवढे करून परततात. आपण एका अभयारण्यात होतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

कोल्हापूर ते मालवण अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. कोल्हापूरहून कोकणात थेट रेल्वे नसल्याने रस्त्यानेच जावे लागते. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसालमार्गे मालवण हा सर्वांत रुळलेला मार्ग. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरता येते. आजरा-आंबोलीचा रस्ता लांबचा. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. पहिल्या मार्गावर एकाच दिवसात दोन अभयारण्ये लागतात. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेले दाजीपूरचे जंगल (आजचे राधानगरी अभयारण्य) २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. घाटमाथ्यावर पूर्वेला पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला मिळतो, तर पश्चिमेला पडलेला कोकणातल्या नद्यांमधून खाड्यांत आणि तिथून समुद्रात जातो. डोंगरावरची झाडे तुटली की हेच पाणी गाळ घेऊन उतरते, आणि अभयारण्यातल्या प्रवाळांना (कोरल) गाळ सोसत नाही.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाशी या किनाऱ्याचे नाते जुने आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. अठराव्या शतकात हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले, मग तहानंतर परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. किल्ल्यातले शिवराजेश्वर मंदिर आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या राहिलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आवर्जून पाहाव्यात.

किल्ल्याच्या तटाबाहेर पाण्याखाली जे आहे, त्यासाठी हे अभयारण्य झाले. इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखे मैलोगणती पसरलेले नाहीत. उथळ पाण्यातल्या खडकांना चिकटून, गोट्यांच्या किंवा पापुद्र्यांच्या आकारात ते वाढतात. पोराइटीज, गोनिआस्ट्रिया, टर्बिनारिया असे प्रकार इथे नोंदले गेले आहेत. दर पावसाळ्यात पाणी गढूळ होते, उजेड अडतो, खारेपणा उतरतो. तरीही ते तग धरून आहेत, आणि मला यातच मालवणचे मोल दिसते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते व त्याला अन्न पुरवते. पाणी जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तशा नोंदी मालवणातही झाल्या आहेत. त्यावर पायाचा भार, होडीचा नांगर आणि माशांना घातलेले पाव-बिस्किटांचे तुकडे यांची भर पडते. उष्णतेची लाट पर्यटकाच्या हातात नाही. या तीन गोष्टी मात्र त्याच्या हातात आहेत. प्रवाळांना भारतीय कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे आठवण म्हणून त्याचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

किनाऱ्यावर प्रामुख्याने गाबित समाजाची वस्ती आहे. त्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढण्याची मासेमारी, समजून घेतल्याशिवाय हा प्रदेश समजत नाही. होडीतून शेकडो मीटर लांबीचे जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. बांगडा, तारली अशी किनाऱ्याजवळ आलेली मासळी त्यात सापडते. जाळे, होडी आणि ओढणारे हात यांचे वाटे ठरलेले असतात. माणसांच्या बळावर चालणारी ही मासेमारी समुद्राकडून किती घेऊ शकते, याला आपोआप मर्यादा पडते. पर्ससीन नौका मात्र अख्खा थवा घेरून जाळ्याचा तळ आवळतात. त्यातच एलईडी दिव्यांनी मासा गोळा करण्याची पद्धत आली. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष त्यातून पेटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, पण तक्रारी थांबल्या नाहीत.

अभयारण्यालाही मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. आपल्या बंदराच्या तोंडाशीच बंदी आली तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला वेळेवर उत्तर मिळाले नाही. पुढे २०११ पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जिल्ह्यात जो प्रकल्प राबवला गेला, त्यात उपजीविकेचा विचार होता. ट्रॉलरच्या (जाळे मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेच्या) जाळ्यात चौकोनी आस, म्हणजे चौकोनी भोके, वापरणे हा त्यातला एक उपाय. नेहमीची शंकरपाळ्यासारखी आस ओढ बसताच मिटते आणि पिल्ले अडकतात. चौकोनी आस उघडी राहते. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफरही याच काळातली. कासव किंवा बहिरी देवमासा (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर २०१८ पासून शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा पाणी निवळलेले असते. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा गावातल्याच मुलांबरोबर करावे. पोहता येत असले तरी खडकावर उभे राहू नये. मुक्काम देवबाग किंवा तारकर्लीत मच्छीमारांच्या घरी केला, तर पैसा गावात राहतो आणि पहाटेची रापण बघायला मिळते. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी; उधाणात तिची होणारी धूप डोळ्यांना दिसते. जूनपासून साधारण दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्याची होडीही थांबते. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ देतात, आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात.