टॅप, स्कॅन आणि तुमचा गल्ला: मोबाईल पेमेंटमध्ये कोण कशावर कमावतं

दुकानदार मंडळींना नमस्कार.

आम्ही नाशिकमध्ये दुकानांना क्यूआर, पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स आणि टॅप करून पैसे घेणारी मशीन बसवून देतो. मशीन चालवायचं कसं, ते आमची माणसं दुकानात येऊन दाखवतातच. या पत्रकात आम्ही दुसरी गोष्ट सांगणार आहोत. गिऱ्हाइकानं मोबाईल टेकवला किंवा स्कॅन केलं की त्यातून कोणाला काय मिळतं आणि तुमच्याकडून काय कापलं जातं, हे करारावर सही करण्याआधी तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. या धंद्यात आमचाही हिस्सा आहे. तोही पुढे लिहिला आहे.

मोबाईल टेकवला म्हणजे फुकट, असं नाही

गिऱ्हाईक मशीनला मोबाईल टेकवतं तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. दिसायला सारख्या, हिशेबाला एकदम वेगळ्या.

पहिल्या प्रकारात मोबाईलमध्ये त्याचं कार्ड साठवलेलं असतं. एनएफसी नावाच्या तंत्रानं, १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवरून माहिती मशीनकडे जाते. कार्डाचा खरा नंबर जात नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर जातो. त्यामुळे नंबर चोरीला जाण्याची भीती कमी. पण तुमच्या मशीनच्या दृष्टीनं हा कार्डाचाच व्यवहार, म्हणून कार्डाचाच आकार लागतो. त्याला एमडीआर म्हणतात. यातला मोठा हिस्सा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. उरलेल्यात तुमच्या बाजूची बँक, कार्डाचं नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) आणि मशीनमागची पेमेंट कंपनी असते.

डेबिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहारामागे २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के, आणि १,००० रुपयांच्या वर नाही. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून काहीच नाही. डेबिट कार्डाचा हा आकार गिऱ्हाइकाकडून वेगळा मागायचा नसतो, हेही लक्षात असू द्या.

क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे करारात जो दर असेल तोच खरा. समजा, तुमचं पैठणीचं दुकान आहे, १८,००० ची साडी विकली गेली आणि करारातला दर २ टक्के आहे. ३६० रुपये एमडीआर, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४ रुपये ८० पैसे. खात्यात जमा होणार १७,५७५ रुपये २० पैसे. साडीवरचा तुमचा नफा किती आणि त्यातले सव्वाचारशे गेले तर परवडतं का, हे तुम्हीच ठरवायचं. आमचं मत विचाराल तर पैठणी, सोनं, फर्निचर अशा धंद्यात क्रेडिट कार्ड घ्यावंच, कारण गिऱ्हाईक त्या सोयीमुळे मोठी खरेदी करतं. पण दर घासाघीस करूनच घ्यावा. मिसळीच्या हॉटेलला याची गरज क्वचितच पडते.

दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक साउंडबॉक्सवर किंवा स्टँडवर मोबाईल टेकवतं आणि त्याचं यूपीआय ॲप उघडतं. हा यूपीआयचाच व्यवहार. क्यूआर स्कॅन करण्याऐवजी टेकवलं, एवढाच फरक. बँक खात्यातून पैसे आले तर तुमच्याकडून काही कापलं जात नाही.

यूपीआय फुकट आहे, मग या कंपन्या जगतात कशावर?

हा प्रश्न आम्हाला रविवार कारंजापासून सातपूरपर्यंत सगळीकडे विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. बँका पैसे हलवतात आणि ॲपवाले गिऱ्हाईक सांभाळतात. २०२० पासून एमडीआर शून्य झाला तेव्हा या तिघांचीही व्यवहारावरची कमाई थांबली. ती भरून काढायला केंद्र सरकार प्रोत्साहन रक्कम देतं. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के ठरले होते, म्हणजे शंभर रुपयांमागे पंधरा पैसे. हे पैसे आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातात आणि मग सगळ्यांत वाटले जातात. खर्चाच्या मानानं ही रक्कम थोडी आहे. म्हणून कमाईच्या इतर वाटा निघाल्या, आणि त्यातल्या तीन थेट तुमच्या गल्ल्यापाशी येतात.

एक म्हणजे साउंडबॉक्सचं भाडं. महिना १०० रुपये म्हटलं तर जीएसटी धरून ११८, वर्षाचे १,४१६. गर्दीच्या वेळी हात कामात असताना ‘पैसे मिळाले’ हे कानावर पडतं आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी निसटत नाही. भाजीच्या गाड्यापासून चिवड्याच्या दुकानापर्यंत ज्याच्याकडे दिवसभर छोटी छोटी गिऱ्हाइकं असतात, त्याला हे भाडं वसूल होतं. दिवसाला चार गिऱ्हाइकं असलेल्या दुकानाला नाही. तिथे आम्ही स्वतःच नको म्हणतो.

दुसरी वाट आहे यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड. २०२२ पासून ही सोय आहे. गिऱ्हाईक तुमचाच क्यूआर स्कॅन करतं, पण पैसे येतात त्याच्या क्रेडिट कार्डावरून. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत त्यावर आकार नाही, त्यापुढे मात्र एमडीआर लागू शकतो. वॉलेटमधून, म्हणजे ॲपमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, आलेल्या २,००० च्या वरच्या रकमेवरही एप्रिल २०२३ पासून जास्तीत जास्त १.१ टक्के आकार आहे. तो गिऱ्हाइकावर पडत नाही. तुमच्या बाजूची कंपनी तो तुमच्याकडून घेते की स्वतः सोसते, हे करारातच वाचायचं. ‘यूपीआयवर शून्य’ एवढ्या एका ओळीवर विसंबू नका. संध्याकाळी जमा रक्कम कमी दिसली तर बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

तिसरी वाट कर्जाची, आणि तिच्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

तुमच्या क्यूआरवर रोज किती जमा होतं, हे ॲपवाल्या कंपनीला दिसतं. त्यावरून ती तुम्हाला कर्ज देऊ करते. पैसे देणारी बँक किंवा वित्त कंपनी वेगळीच असते, ॲपला त्यात कमिशन मिळतं. हप्ता रोजच्या जमेतून आपोआप कापला जातो. कागदपत्रं कमी आणि पैसा लगेच, त्यामुळे दिवाळीचा माल भरताना याचा मोह होतोच. समजा, १ लाख रुपये १८ टक्के ‘फ्लॅट’ व्याजानं वर्षासाठी घेतले. परत द्यायचे १,१८,०००. पण हिशेबाला हप्ता महिन्याचा धरला तरी मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लागलेलं असतं. खरा वार्षिक दर ३१ ते ३२ टक्क्यांच्या घरात जातो, आणि प्रोसेसिंग फी धरली तर आणखी वर. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा बघा आणि तुमच्या नागरी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या दराशी ताडून बघा. घाई असेल तरी एक दिवस थांबा.

दुसऱ्या देशांत काय झालं

मोबाईल टेकवून पैसे देणं जपानमध्ये २००४ मध्येच सुरू झालं. ते आणलं मोबाईल कंपनीनं, एनटीटी डोकोमोनं. पुढच्याच वर्षी तिला एका कार्ड कंपनीत मोठी भागीदारी घ्यावी लागली. अमेरिकेत तीन मोठ्या मोबाईल कंपन्यांनी मिळून सिमकार्डावर आधारलेलं वॉलेट काढलं. पण २०१३ मध्ये अँड्रॉइडनं सिमशिवाय टॅप करण्याची सोय दिली आणि २०१५ मध्ये ते वॉलेट बंद पडलं. ॲपलनं २०१४ मध्ये दुकानदाराला हात न लावता बँकांकडून आपला वाटा घेण्याची पद्धत बसवली. भारतात बँका आणि सार्वजनिक व्यवस्था मध्ये राहिल्या. त्यामुळे आपल्या छोट्या दुकानदाराला जे शून्य मिळालं, ते यांपैकी कुठल्याच मांडणीत मिळालं नव्हतं. ते टिकवायचं तर खर्च कोणीतरी उचलायलाच हवा, हेही तितकंच खरं.

सिंहस्थाची तयारी

२०२७ च्या सिंहस्थात पंचवटी, रामकुंड, तपोवन या भागांत दुकान असलेल्यांसाठी दोन गोष्टी. गर्दीत नेटवर्क मंदावतं, म्हणून साउंडबॉक्स घेताना त्यातलं सिम तुमच्या गल्लीत कोणत्या कंपनीचं चांगलं चालतं ते आधी तपासून घ्या. आम्ही दोन्ही-तिन्ही सिम लावून दाखवतो. आणि बाहेरदेशाहून आलेले भाविक मोबाईलमधलं त्यांच्या देशातलं कार्ड टेकवतील. त्यासाठी टॅपचं मशीन लागतं, आणि परदेशी कार्डाचा दर देशी कार्डापेक्षा जास्त असतो. पूजासाहित्याच्या दुकानाला याची गरज नाही. लॉज, ट्रॅव्हल्स, तांब्या-पितळेची भांडी, पैठणी यांनी जरूर विचार करावा. ५,००० रुपयांपर्यंत कार्ड टेकवताना पिन लागत नाही, त्यामुळे रांग लवकर सरकते.

काउंटरवर चार-पाच ॲपचे वेगवेगळे क्यूआर लावायची आता गरज नाही. कोणत्याही ॲपनं कोणताही यूपीआय क्यूआर चालतो. एक ठेवा, हिशेब एका खात्यात राहील. आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर तो क्यूआर तुमचाच आहे ना, कोणी वर दुसरा चिकटवला नाही ना, हे बघून घ्या.

आमची कमाई

मशीन विकलं तर त्यावर आम्हाला एकदाच नफा मिळतो. भाड्यानं दिलं तर महिन्याच्या भाड्यातला हिस्सा मिळतो. नवं दुकान जोडलं की बँकेकडून कमिशन मिळतं. तुमच्या व्यवहाराच्या रकमेवर आम्ही काही घेत नाही आणि कर्ज आम्ही विकत नाही. तुमच्याकडे आधीच दुसऱ्या कोणाचं मशीन असेल तर त्याचा करार घेऊन या. दर, भाडं, मशीन परत करण्याची अट आणि पैसे कितव्या दिवशी जमा होतात, या चार गोष्टी आम्ही विनामूल्य वाचून सांगतो. पुष्कळदा आहे तेच मशीन ठेवा असा सल्ला आम्ही देतो.

नवीन जोडणीसाठी पॅन, आधार, शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक आणि दुकानाच्या पाटीचा फोटो आणा. जीएसटी नंबर असेल तर तोही. करार मराठीत समजावून सांगितल्याशिवाय आम्ही सही घेत नाही.