आकाशाची हद्द विषुववृत्तावर नसते

उत्तर गोलार्धाचे तारे वेगळे आणि दक्षिण गोलार्धाचे वेगळे, ही वाटणी सोयीची असली तरी ढोबळ आहे. विषुववृत्त ओलांडलं म्हणून कुठलाही तारा एकदम दिसेनासा होत नाही. काय दिसेल ते ठरतं अक्षांशावर.

हिशेब सोपा आहे. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत वाढवलं की होतं खगोलीय विषुववृत्त; त्यापासूनचं ताऱ्याचं अंशांतलं अंतर म्हणजे क्रांती. ९० मधून आपला अक्षांश वजा करायचा. उत्तरेत राहणाऱ्याला तेवढ्या दक्षिण क्रांतीपर्यंतचे तारे दिसू शकतात, आणि उत्तरेकडे तेवढ्याच क्रांतीच्या पलीकडचे कधी मावळत नाहीत. अगस्त्य हा तारा सुमारे ५३ अंश दक्षिणेला आहे, म्हणून तो ३७ अंश उत्तर अक्षांशापर्यंतच उगवतो. तिथेही तो क्षितिजाला टेकलेला असतो आणि धुरकट हवेत हरवतो, तेव्हा चार-पाच अंशांची सूट धरलेली बरी.

याच अगस्त्यावरून इ.स.पू. पहिल्या शतकात पोसिडोनियस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ काढू पाहिला. ऱ्होड्स बेटावर हा तारा क्षितिजावर जेमतेम डोकावतो आणि अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या ४८व्या भागाइतका, म्हणजे साडेसात अंश वर चढतो, असं त्याने धरलं. खरा फरक पाच अंशांच्या आसपास आहे. आकडा चुकला, पण तर्क पक्का होता: पृथ्वी सपाट असती तर हा फरक पडलाच नसता.

विषुववृत्तावरच्या माणसाची चंगळ असते. वर्षभरात सगळं आकाश त्याच्या डोक्यावरून जातं. ध्रुवावर मात्र कायम तेच अर्धं आकाश गोल फिरत राहतं.

मृग नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावरच असल्याने दोन्हीकडून दिसतं, फक्त दक्षिणेत उलटं. उत्तरेत तांबूस काक्षी वर आणि निळसर राजन्य खाली असतो. दक्षिणेत राजन्य वर जातो. उत्तरेत मृगाच्या खाली डावीकडे दिसणारा व्याध तिथे उजवीकडे वर चमकतो.

दक्षिणेत दिशा शोधणं जरा जिकिरीचं. आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टँटिस हा तारा ५.४ प्रतीचा, म्हणजे जेमतेम दिसेल इतका मंद आहे; गावच्या दिव्यांत तो दिसतही नाही. त्यामुळे त्रिशंकू या क्रुसाच्या आकाराच्या तारकासमूहाचा लांब दांडा पायाच्या दिशेने साडेचार पट वाढवून खगोलीय दक्षिण ध्रुवाचा अंदाज घेतात. खरा त्रिशंकू कुठला ते शेजारच्या मित्र आणि मित्रक या तेजस्वी ताऱ्यांच्या जोडीमुळे गोंधळ न होता कळतं; नौका तारकासमूहातल्या ताऱ्यांच्या फसव्या क्रुसाशेजारी अशी जोडी नसते.

ही हद्दही कायमची नाही. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो. याला परांचन म्हणतात, आणि त्यामुळे ताऱ्यांची क्रांती बदलत जाते. दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीला अलेक्झांड्रियातून त्रिशंकूचे तारे दिसत होते. त्याने ते नरतुरंग या शेजारच्या तारकासमूहात धरले. आज तिथून त्यांतला सर्वांत तेजस्वी, पायाचा तारा उगवतच नाही.