वीस फूट उडी मारणारा बेडूक आणि तालमीतली बेडूकउडी

रविवारी संध्याकाळी आम्ही पाचजण कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या फ्लॅटवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा 1974 साली अमेरिकेत निघालेला खेळ, कागद पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा एवढ्यावर चालतो, एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत जीव वाचवत फिरतात. गोष्ट सांगणाऱ्याला डंजन मास्टर म्हणायचं. आमचा मास्टर जरा खडूस आहे.

तर जुलैत बाहेर धो धो पाऊस, खालच्या मोकळ्या प्लॉटमधे बेडकांची डराव डराव चालू, आणि तेवढ्यात ह्यानं गोष्टीत बुलीवग काढले. बुलीवग म्हणजे माणसाच्या उंचीचे बेडूक, हातात भाला, दलदलीत राहतात. मी म्हटलं आमच्यात आणि त्यांच्यात ओढा आहे, वीस फुटी, येतायत कशाला. तर हा फासा टाकतो आणि म्हणतो, "उडी मारून आला. जागेवरनं वीस फूट, नियमात आहे." मी म्हटलं असं होऊच शकत नाही. सगळे माझ्यावरच तुटून पडले, "काय मर्दा, ड्रॅगन आग ओकतोय ते चालतंय, आणि बेडकानं उडी मारली तर तुझं सायन्स जागं होतंय?"

मुद्दा बरोबर होता त्यांचा, पण रात्रभर डोक्यात तेच.

आधी खऱ्या उडीचं बघू. कॅलिफोर्नियात कॅलाव्हेरस म्हणून जिल्हा आहे, तिथं बेडकांच्या उड्यांची जत्रा भरते, त्यात सलग तीन उड्यांचं अंतर मोजतात. 1986 साली तिथं एका अमेरिकन बुलफ्रॉगनं 21 फूट 5 इंचांच्या थोडं वर अंतर तोडलं. तीन उड्यांत हां, म्हणजे एका उडीला सात फूट धरा. बेडकाचं ह्यातलं गुपित नुसत्या ताकदीत नाही, स्नायू आधी पायातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ताणून ठेवतो आणि मग ती एकदम सुटते, बेचकीचं रबर ओढून सोडावं तसं.

आता तुम्ही म्हणाल, वीतभर बेडूक सात फूट जातो तर माणसाएवढा बेडूक सत्तर फूट जायला पाहिजे. मलाही शाळेत असंच वाटायचं. पण तालमीत जाऊन बघा. पैलवान सकाळी बेडूकउड्या मारतात, त्यात सव्वाशे किलोचा गडी आणि चाळीस किलोचं पोरगं शेजारी शेजारी असतं. पैलवानाचं वजन तिप्पट, मांड्या बघितल्या तर झाडाच्या बुंध्यासारख्या, पण उडी तिप्पट जाते का? नाही जात. कारण अंगात ताकद वाढली तसा उचलायचा बोजाही तेवढाच वाढलाय. बोरेल्ली नावाच्या इटालियन माणसानं हे सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय, त्याचं पुस्तक तो गेल्यावर 1680 च्या सुमारास छापलं गेलं. ढोबळमानानं सांगायचं तर एकाच घडणीचे प्राणी लहान असोत की मोठे, उडी साधारण तेवढीच मारतात. म्हणजे माणसाएवढा बुलीवग जाणार सात फूट. तेरा फूट कमी पडले, ओढ्यात पडला, आम्ही जिंकलो.

आणि हे सुद्धा त्याची हाडं टिकली तर. आपल्याकडं पहिल्या पावसात तो मोठा बेडूक निघतो ना, नर पिवळाधमक होतो आणि गळ्याला दोन्हीकडं निळे फुगे, तो घ्या. समजा 15 सेंटिमीटर लांब आणि 300 ग्रॅम वजन. त्याला दहापट मोठा केला की लांबी दीड मीटर होते पण वजन दहापट होत नाही, लांबी रुंदी जाडी तिन्ही दहापट म्हणजे वजन हजारपट, 300 किलो. हाडाची ताकद मात्र त्याच्या आडव्या छेदावर, आणि तो दोनच बाजूंनी वाढतो म्हणून शंभरपट. तेच हाड, आता दहापट ताण. गॅलिलिओनं 1638 मधे नेमकं हेच मांडलं होतं.

कातडीचंही तेच. बेडकाला फुप्फुसं असतात पण त्याचा बराचसा कार्बन डायऑक्साइड ओल्या कातडीतूनच बाहेर पडतो. कातडी शंभरपट, शरीर हजारपट, मग किलोमागं कातडी उरली दहावा हिस्सा. लहानपणी ती गोष्ट होती बघा, बेडकी बैलाएवढी व्हायला फुगते आणि फुटते. फुटायची गरजच नव्हती, खरंच बैलाएवढी झाली असती तर गुदमरली असती.

म्हणून खऱ्या जगात बेडूक एका मापाच्या पुढं जातच नाही. आज जिवंत असलेला सगळ्यात मोठा म्हणजे आफ्रिकेतला गोलायथ, जेमतेम 32 सेंटिमीटर आणि सव्वातीन किलो. डायनासोरांच्या काळात मादागास्करला बील्झेबुफो होता, 2008 मधे त्याचं वर्णन आलं तेव्हा 40 सेंटिमीटरच्या वर असेल म्हणाले, नंतर जास्त हाडं मिळाल्यावर तो आकडाही बराच खाली आला. ह्या खेळात 1980 पासून फ्रॉगहेमथ नावाचं धूड आहे, चार सोंडा, एका देठावर तीन डोळे, ते आलं कोसळलेल्या अंतराळयानातून. निदान पृथ्वीवरचं नाही एवढं कबूल केलंय, हे मला आवडलं.

आता मास्टरची बाजू. आकाराचं सोडलं तर ह्या राक्षसांतलं विचित्र वाटणारं बरंच काही निसर्गात आधीच होऊन गेलंय. स्लाड घ्या. 1981 च्या फीन्ड फोलिओ पुस्तकातले हे बेडूकतोंडे राक्षस, चार्ल्स स्ट्रॉसनं तयार केलेले, तो पुढं विज्ञानकथा लेखक झाला. लाल स्लाड नख मारून तुमच्या अंगात अंडं सोडतो आणि काही महिन्यांनी पिल्लू छाती फोडून बाहेर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला वडा खाली ठेवला मी. पण दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम टोड माहितीय? नर अंडी मादीच्या पाठीवर दाबून बसवतो, कातडी त्यांच्याभोवती वाढते, मधाच्या पोळ्यासारखे कप्पे होतात, आणि तीन-चार महिन्यांनी पाठीतून एकेक तयार बेडूक डोकं काढतो. व्हिडिओ जेवताना बघू नका. ऑस्ट्रेलियात तर एक जात होती, मादी अंडी गिळायची, पोटातलं ॲसिड बंद व्हायचं, आणि पिल्लं तोंडातून बाहेर. 1980 च्या दशकात ती नामशेष झाली, आता बघायलाही मिळणार नाही.

फरक एकच, खऱ्या बेडकांत त्रास आई स्वतः सोसते. दुसऱ्याच्या अंगात अंडी घालणं हे काम बेडकाचं नव्हे, ते गांधीलमाशीच्या खानदानाचं. आपली कुंभारीण घ्या, ती अंगात नाही पण मातीच्या घरट्यात अंडं घालते आणि डंख मारून लुळी केलेली अळी आत कोंबते, पिल्लू ती अळी ताजी ताजी खातं. जुन्या लोकांनी बघितलं की आत गेली अळी, बाहेर आली माशी, म्हणून त्यांना वाटलं अळीच ध्यास घेऊन माशी झाली, आणि संतांना भ्रमरकीट न्यायाचा दृष्टांत मिळाला. आता गंमत बघा, निळ्या स्लाडनं ओरबाडलं की माणूस रोग लागून स्वतःच स्लाड होतो! म्हणजे लाल स्लाड कीटकशास्त्रातला आणि निळा थेट कीर्तनातला.

ग्रंग नावाचे छोटे रंगीत विषारी बेडूकही आहेत खेळात. त्यांना रोज तासभर पाण्यात बसावं लागतं नाहीतर थकवा येतो. हा नियम ज्यानं लिहिला त्याला माझा मुजरा, कारण बेडूक तोंडानं पाणी पीतच नाही, पोटाखालच्या कातडीनं शोषतो. विषाचंही तसंच, कोलंबियातल्या सोनेरी डार्ट फ्रॉगच्या अंगावर दहाएक माणसं मरतील एवढं विष असतं, पण पिल्लापासून पाळून दुसऱ्या खाद्यावर वाढवला तर त्यात विष येतच नाही, कारण तो ते खाण्यातून मिळवतो.

आणि हे बघायला लांब जायलाच पाहिजे असं नाही. आजऱ्यावरून आंबोलीला गेलात की पावसाच्या सुरुवातीला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उतरा, जांभ्याच्या खळग्यात बोटभर पाणी साठलेलं असतं. त्यात अंडी घालणारा पट्टेरी भेक आहे, 2009 पासून त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रिना, जगात आंबोलीच्या आसपास सोडून कुठंही सापडत नाही. मी टॉर्च मारला तेव्हा तो हलला पण नाही, पिवळं अंग, त्यावर गडद पट्टे, मूठभर जीव. मागून गाड्या जात होत्या आणि रस्त्यावर बेडूक चिरडलेले पडले होते, म्हणून आम्ही शेवटचा टप्पा चालत गेलो.

हे सगळं मी पुढच्या रविवारी मास्टरला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं, बुलीवगची उडी सात फुटांवर आणली, मी खूश. वर मीच बोलून बसलो की कॅमेरूनमधे एक केसाळ बेडूक आहे, त्याला नखं नसतात, घाबरला की पायाच्या बोटांतली हाडं मोडून कातडीतून बाहेर काढतो आणि त्याच हाडांनी ओरबाडतो, 2008 मधे हे शोधून काढलं.

मास्टरनं वहीत लिहून घेतलं. आता त्याचे बुलीवग लढाईच्या आधी बोटं मोडतात, कडकड आवाज तो स्वतः काढतो, आणि माझा धनुर्धारी गेल्या रविवारी त्यातच गेला.